तुकडी पाडणारे पाते

मोठा मासा साफ करण्याचे हत्यार कसे असावे, हे माशापेक्षा खाणाऱ्याच्या ताटावरून अधिक ठरते. युरोप-अमेरिकेत मधल्या काट्याच्या दोन्ही अंगांचे मांस अलगद सोडवून घेतात. अशा बिनकाट्याच्या लांबट कापाला ‘फिले’ म्हणतात आणि त्यासाठी पाते पातळ, अरुंद व काट्याच्या कडेने वाकत जाणारे लागते. फिनलंडच्या रापाला कंपनीने 1967 साली बाजारात आणलेली लाकडी मुठीची सुरी हा त्याचा प्रसिद्ध नमुना होय. मुंबईच्या गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत मात्र सुरमईची तुकडी म्हणजे कण्यासकट आडवी पाडलेली चकती, आणि डोके कालवणासाठी राखलेले. त्यामुळे येथील पात्याला वाकून चालत नाही, त्याला कणा तोडायचा असतो.

या कामाची दोन मुख्य हत्यारे म्हणजे विळी आणि कोयता. विळी, जिला मालवणीत आदोळी म्हणतात, ती पाटावर उभी बसवलेली असते. पाट पायाखाली दाबून धरला की पाते स्थिर राहते, दोन्ही हात मासा धरायला मोकळे होतात आणि तो धारेवर रेटताना केवळ मनगटाचे नव्हे, तर खांद्याचे व पाठीचेही बळ लागते. सुरीने कापताना पाते चालते, विळीवर मासा चालतो, आणि बुळबुळीत मासा आवरण्यास ही दुसरी रीत अधिक सोयीची आहे. बंगालमधील ‘बोटी’ याच जातीची. बांगडा, बोंबील, पापलेट घरच्या विळीवर निभावतात. परंतु पाच-सात किलोंची सुरमई, रावस किंवा दीड मीटरपर्यंत वाढणारी घोळ तिला पेलत नाही. शिवाय चाळीतील एका खोलीच्या बिऱ्हाडात एवढा मासा उलगडायला जागा तरी कोठून असणार? म्हणून मोठ्या माशाची कापणी ही बाजारातील ओट्यावरची कला झाली.

लालबागचा प्रसिद्ध गणपती अशाच ओट्यांच्या मागणीतून उभा राहिला, हे अनेकांना ठाऊक नसते. पेरू चाळीजवळचा बाजार 1932 साली बंद झाल्यावर उघड्यावर बसावे लागलेल्या कोळी व इतर विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला, आणि जागा मिळाल्यावर 1934 साली तेथे गणेशोत्सव सुरू झाला.

ओट्यावर राज्य कोयत्याचे. ऊसतोडणीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात, आणि अलीकडे टोळ्यांच्या बातम्यांनी हा शब्द नाहक बदनाम केला आहे. मासळी बाजारात मात्र तो रुंद पात्याचा, जाड पाठीचा आणि वजनाने काम करणारा असतो. आधी शेपटीकडून डोक्याकडे खवले उतरवायचे, मग पर छाटायचे, कल्ले काढायचे, पोट फाडून आतडी काढायची, आणि शेवटी लाकडी ठोकळ्यावर मासा आडवा ठेवून तुकड्या पाडायच्या, असा साधारण क्रम असतो. मांसातून पाते ओढून कापत जाते, कणा लागला की पात्याच्या पाठीवर दांडक्याचा ठोका पडतो. कण्याच्या दोन मणक्यांमधली फट हाताला कळणे हेच यातले खरे कसब. ती चुकली की हाडाच्या किरच्या मांसात शिरतात.

घोळीचे पोट फाडताना मात्र जोर आवरावा लागतो, कारण तिच्या पोटातील हवेची पिशवी, जिला ‘बोत’ म्हणतात, पूर्व आशियात औषधी व मेजवानीचा पदार्थ म्हणून फार महाग विकली जाते. ऑगस्ट 2021 मध्ये पालघर किनाऱ्यावरील एका बोटीला 157 घोळ माशांचे सुमारे 1 कोटी 33 लाख रुपये मिळाले, ते मुख्यतः या पिशवीमुळे.

कणा तोडणारी ही पाती लोहाराच्या भट्टीत घडतात. ट्रकच्या कमानीचे जुने पाटे हा त्यांचा आवडता माल, कारण त्या पोलादात कार्बनचे प्रमाण साधारण अर्धा टक्का किंवा थोडे अधिक असते आणि त्यामुळे ते तापवून विझवल्यावर कठीण होते. या तापवून विझवण्यालाच ‘पाणी देणे’ म्हणतात. नुसते पाणी दिलेले पाते काचेसारखे ठिसूळ होते, म्हणून ते पुन्हा मंद आचेवर धरून त्याचा ताठा थोडा उतरवावा लागतो. हे साधले नाही तर पहिल्याच कण्यावर धार तुटते. हात राखून पाणी दिलेले पाते उलट दिशेने फसते, त्याची धार कण्यावर दुमडते. दुकानात मिळणारी चकचकीत स्टीलची स्वस्त विळी गंजत नाही हे खरे. पण पाते नरम असल्याने तिची धार लवकर बसते, आणि बोथट पाते हे धारदार पात्यापेक्षा बोटांना अधिक घातक असते.

घडीव पात्याचा शत्रू एकच, तो म्हणजे खारट ओल. मासा कापून झाल्यावर पाते आधी थंड पाण्याने धुवावे, कारण गरम पाण्याने रक्त व चिकटा पात्यावर बसतो. मग ते लगेच कोरडे पुसून त्यावर तेलाचा हात फिरवावा, आणि घरात लहान मूल असेल तर विळी नेहमी आडवी ठेवावी.