तरुण संघातल्या पोरी

डिसेंबर उजाडला की मैत्रिणींचे फोन सुरू होतात. "काय गं, यंदा केक घरी करणार की बेकरीतून आणणार?" आमच्याकडे नाताळाला केकच्या जोडीनं करंज्या आणि शंकरपाळ्याही होतात, हे ऐकून अजूनही पुष्कळजणींना नवल वाटतं. चर्च म्हणजे चांदणी, केक आणि पंचवीस डिसेंबर, एवढीच बहुतेकींची ओळख असते. वर्षभर तिथं काय चालतं, आमची तरुण मुलं-मुली तिथं काय करतात, हे सहसा कुणी विचारत नाही. म्हणून आज तेच सांगावं म्हटलं. तुमच्या देव्हाऱ्यात देव कुठला का असेना, लेक घरात असेल तर ही गोष्ट तुमच्याही कामाची आहे.

मी राहते ते गाव तालुक्याचं, आपल्या जुन्या नगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. या जिल्ह्यातला मराठी ख्रिस्ती समाज जुना आहे. अमेरिकन मराठी मिशननं नगरला काम सुरू केलं ते १८३१ साली. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये इथूनच निघालं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं आजही आमच्या उपासनेत पेटी-तबल्यावर म्हटली जातात. चर्चच्या सभासदांना आम्ही 'मंडळी' म्हणतो, आणि मंडळीतल्या साधारण पंधरा ते तीस वयाच्या मुला-मुलींचा असतो तो 'तरुण संघ'.

तरुण संघाचं वर्ष भरगच्च असतं. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेची तयारी तेच करतात. मे महिन्यात लहान मुलांसाठी सुट्टीतली बायबल शाळा भरते. तिथं गाणी, गोष्टी, चित्रकला आणि खाऊ असं सगळं या पोरांनीच सांभाळायचं. कापणीच्या सणाला घरोघरची मंडळी धान्य, भाजी, कोंबडी, अंडी असं काय काय अर्पण म्हणून आणतात आणि मग त्याचा लिलाव होतो. लिलाव पुकारायला तरुण संघच लागतो. एका वर्षी एका भोपळ्यावरून दोन काकांची अशी चढाओढ लागली, की त्या पैशांत टोपलीभर भोपळे आले असते! आणि डिसेंबरात कॅरलची फेरी असतेच. कानटोपी, मफलर, ढोलकी आणि दर घरी चहा.

पण माझ्या मनात जास्त घर करून बसलीत ती त्यांची सणावेगळी कामं. महिन्यातून एका रविवारी सरकारी दवाखान्यात जायचं. तिथला त्यांचा नियम मला फार आवडतो. आधी पाण्याची बाटली भरून द्यायची, औषध आणायचं असेल तर आणून द्यायचं. कुणी आपणहून म्हटलं तरच प्रार्थना करायची. धर्माचा विषय आपण काढायचा नाही. आजारी माणसाच्या अडचणीचा फायदा घ्यायचा नाही, हे पाळकसाहेब दरवेळी बजावून सांगतात.

दुसरं काम नोव्हेंबरातलं. पेन्शनवाल्या आजी-आजोबांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो, पण सत्तरीच्या माणसाला ते जमायचं कसं? म्हणून पोरं-पोरी त्यांच्या घरी जातात, दाखला भरून देतात. यात ख्रिस्ती-बिगरख्रिस्ती असा भेद नाही. आमच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींचा दाखला गेली दोन वर्षं एक अकरावीतली पोर भरून देते.

आता मुद्द्याचं बोलते. या सगळ्यात मुली काय करत होत्या? सुमारे आठ वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या तरुण संघात मुलांपेक्षा मुली जास्त होत्या, पण अध्यक्ष मुलगा, सचिव मुलगा, खजिनदारही मुलगाच. मुलींकडे काय, तर फुलं लावणं, खुर्च्या पुसणं, चहाचा ट्रे फिरवणं. कार्यक्रम संपला की मुलं स्टेजवर फोटो काढत आणि मुली मागं भांडी घासत. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सेवाच आहे की ती."

सेवा आहेच, कोण नाही म्हणतं? पण ती सेवा फक्त मुलींच्याच वाट्याला का यावी? आणि हिशेब ठेवणं, माईकवर बोलणं, दौरा ठरवणं ही सेवा मुलांच्याच नावावर का? महिला मंडळात आम्ही चार-पाच जणींनी हा विषय काढला, तर एक वडीलधारे म्हणाले, "पोरींना हिशेब कशाला? उद्या लग्न होऊन जातील." मी म्हटलं, "काका, सासरी काय हिशेब नसतो?" सगळे हसले, पण विषय तिथं संपला नाही. पाळकीणबाईंनी तो चिकाटीनं लावून धरला.

खरं म्हणजे या कल्पनेत नवं काहीच नव्हतं. अमेरिकेतल्या मेन राज्यात, पोर्टलंड इथं १८८१ मध्ये फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी तरुणांसाठी 'ख्रिश्चन एन्डेव्हर' नावाची संस्था काढली. पुढं ती देशोदेशी पसरली. तिचा एक नेम होता. सभासदानं सभेत नुसतं बसून राहायचं नाही, काही ना काही भाग घ्यायचा. मुलगा असो की मुलगी. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी जे चाललं, ते आमच्या गावात का चालू नये?

मग आम्ही कामांची पाळी लावली. चहाला एक महिना मुलं, एक महिना मुली. हिशेबाची वही वर्षाआड मुलीकडे. माईक आणि वायरींचं कामही मुलींना शिकवायचं. आणखी एक छोटा बदल केला. सभा संध्याकाळी साडेसातला असायची, ती पाचला आणली. गंमत बघा, मुली नेमानं येत नाहीत, त्यांना आवडच नाही, अशी जी ओरड होती ती दोन महिन्यांत थांबली. आवड होतीच. अंधार पडल्यावर घरून सोडत नव्हते, इतकंच.

पहिली मुलगी खजिनदार झाली तेव्हा बारावीत होती. पहिल्याच महिन्यात तिनं मंडपवाल्याला पावती मागितली. "आजवर कुणी मागितली नाही," तो म्हणाला. "आता लागेल," ती म्हणाली. वर्षाच्या शेवटी तिनं रुपयान् रुपयाचा हिशेब मंडळीसमोर वाचून दाखवला. आवाज थरथरत होता, पण बेरीज चोख होती.

आणि मग रक्तदानाचं शिबिर झालं. तरुण संघानं ते मोठ्या हौसेनं ठरवलं. मुली नटूनथटून, रांगेत सर्वांत पुढे. तपासणी सुरू झाली आणि एकामागून एक मुली परत येऊ लागल्या. रक्तदानासाठी वय अठरा पूर्ण लागतं, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ तरी हवं. कुणाचं दहा, कुणाचं साडेनऊ. अकरा मुली रांगेत होत्या, रक्त देता आलं ते तिघींना. एकजण माझ्याजवळ येऊन रडवेली झाली. "मावशी, मला द्यायचंय, पण माझ्याकडेच नाही म्हणतात."

त्या वाक्यानं मला आतून हलवलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, की आपल्या राज्यात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. आकडा वाचणं वेगळं आणि आपल्याच पोरी रांगेतून माघारी येताना बघणं वेगळं. ज्या मुलीला घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची सवय लावली, तिच्याकडून आपण सेवेची अपेक्षा धरतो!

पुढच्या वर्षी तरुण संघानं आधी मुलींचीच तपासणी करून घेतली. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंना बोलावलं. लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, त्या डॉक्टरांना विचारून घ्यायच्या, जेवणाबरोबर चहा प्यायचा नाही, पालेभाजी-कडधान्यावर लिंबू पिळायचं, अशा साध्या गोष्टी त्यांनी सांगितल्या. आयांनाही मुद्दाम बसवलं होतं. त्या वर्षीच्या शिबिरात सातजणींनी रक्त दिलं. ती रडवेली झालेली मुलगी त्यात होती.

आमच्या जिल्ह्याला हे काही नवीन नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्यानं १९७० मध्ये ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं, ते गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करून. त्यातल्या कितीतरी जणी अक्षरओळख नसलेल्या, गावानं बाजूला ठेवलेल्या. त्यांनीच पुढं बाळंतपणं केली, पोरांची वजनं घेतली. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जिला कुणी काही शिकवलं नव्हतं, तिच्यावर विश्वास टाकला तर ती गाव सावरते, हे तिथं दिसलं.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमची लेक चर्चच्या तरुण संघात जात असो, गणेश मंडळात की कॉलेजच्या एनएसएसमध्ये, चार गोष्टी जरूर विचारा. तिच्याकडे कुठलं काम आहे? सभा किती वाजता सुटते आणि सोबत कोण असतं? बाहेरगावच्या शिबिराला जबाबदार मोठ्या बायका आहेत का, मुलींची राहण्याची सोय वेगळी आहे का, पालकांचं संमतिपत्र घेतलंय का? आणि काही वावगं घडलं तर ती कुणाला सांगू शकते? अठरा वर्षांखालच्या मुला-मुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि १०९८ हा मदतीचा फोन नंबर आहे, हे दोन्ही तिला पाठ असू द्या. संस्था देवाधर्माची आहे म्हणून हे विचारायला संकोच करू नका. चांगली माणसं अशा प्रश्नांनी रागावत नाहीत.

एवढं विचारून झालं की मात्र तिला जाऊ द्या. वहीत पावती डकवायला, माईकवर दोन शब्द बोलायला, दवाखान्यात एखाद्या आजीची बाटली भरायला. आणि निघण्याआधी तिच्या ताटात गरम भाकरी वाढा, सगळ्यांच्या आधी.