सेल्फ फिरतो, पण इंजिन का पकडत नाही?

गेल्या हिवाळ्यात कांदा चाळीच्या पाहणीसाठी मी सुप्याजवळच्या एका वस्तीवर गेलो होतो. सकाळचे आठ वाजले होते. अंगणात कांद्याच्या गोण्यांनी भरलेली ट्रॉली उभी होती आणि ट्रॅक्टरभोवती घरची सारी माणसे जमली होती. पहाटे पाचपासून त्यांचा खटाटोप चालला होता. किल्ली फिरवली की सेल्फ गरगर फिरे, पण इंजिन काही पकडत नव्हते.

डिझेलने हवा धरली असेल म्हणून त्यांनी पाइप सैल करून हवा काढली. फिल्टर धुतला. मग गाडी गियरमध्ये टाकून सर्वांनी मिळून ढकलली. तोवर बॅटरी बसली, म्हणून शेजाऱ्याची बॅटरी आणून जोडली. आणि मग जे घडले ते पाहून माझ्या अंगावर काटा आला. घरच्या पुतण्याने खाली उभे राहूनच स्टार्टरच्या दोन बोल्टांना पाना टेकवला. ढकलताना टाकलेला गियर तसाच राहिला होता. ट्रॅक्टरने पुढे उडी घेतली आणि गोठ्याच्या भिंतीला धडक दिली. तिथे गाय सोडणाऱ्या माउली दोन हातांवरून वाचल्या.

दुपारी मिस्त्री आले. त्यांनी दहा मिनिटांत दोष शोधला. डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडला जाणारी एक बारीक वायर उंदराने कुरतडली होती. वीतभर वायर आणि थोडी चिकटपट्टी, एवढ्यावर काम भागले. पण त्या दिवशीचा लिलाव गेला होता, आणि जीवही थोडक्यात वाचला होता. हा लेख लिहिण्याचे कारण तेच.

जुने इंजिन आणि नवे इंजिन

माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर हँडल मारून चालू करायचे डिझेल इंजिन होते. त्याला ना बॅटरी, ना वायर. जर्मनीत रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आपले इंजिन यशस्वी करून दाखवले, तेव्हापासून त्याचे मूळ तत्त्व एकच आहे. हवा जोराने दाबली की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. ठिणगी लागत नाही. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढे असली इंजिने आपल्या विहिरींवर आली. त्यामुळे इंजिन चालू झाले नाही की डिझेल पाहायचे, ही सवय आपल्या हाडीमाशी रुजली आहे.

१९१२ साली अमेरिकेत मोटारीला विजेचा सेल्फ बसला. पुढे ट्रॅक्टरवरही सेल्फ, दिवे आणि डिझेल बंद करणारी विजेची कळ आली. आता गाडी चालू होण्यासाठी डिझेलइतकाच करंटही लागतो. डिझेलची बाजू आपण पाहतो, करंटची पाहत नाही. घोटाळा होतो तो इथेच.

आधी कान आणि डोळे वापरा

पाना हातात घेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, सेल्फचा वेग. सेल्फ जड, रखडत फिरत असेल तर दोष बहुधा बॅटरीत किंवा तिच्या टोकांत असतो. इंजिन सावकाश फिरले तर हवा पुरेशी तापत नाही आणि डिझेल पेटत नाही. थंडीत बॅटरीचा जोरही कमी होतो. म्हणूनच पौष महिन्यात ही तक्रार वाढते.

दुसरी, धुराड्याचा धूर. सेल्फ जोरात फिरतो आणि धुराड्यातून पांढरट धूर येतो, तर डिझेल इंजिनात पोहोचते आहे, पण पेटत नाही. अशा वेळी बॅटरी, तसेच गाडीला हीटर असल्यास तो पाहावा. धुराचा मागमूसही नसेल, तर डिझेल आतच जात नाही. मग टाकीत डिझेल आहे का, कॉक उघडा आहे का, आणि स्टॉपची दांडी ओढलेली तर राहिली नाही ना, हे आधी बघा. हसू नका, या दांडीपायी मिस्त्रीला बोलावणे गेलेली घरे मला ठाऊक आहेत.

बॅटरीची परीक्षा

साधा मल्टिमीटर घरात असावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टच्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी समजावी. सेल्फ फिरत असताना काटा १० च्या बराच खाली गेला तर बॅटरी अशक्त आहे. इंजिन चालू झाल्यावर साधारण १४ व्होल्ट दिसले पाहिजेत. न दिसल्यास अल्टरनेटर बॅटरी भरत नाही.

टोकांवर पांढरा-हिरवा क्षार साचला असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावे, घासून कोरडे करावे आणि घट्ट आवळावे. टोके सोडताना आधी वजा, जोडताना वजा शेवटी. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा जवळ विडी-काडी नको.

टेस्ट दिव्याने वाट शोधा

बारा व्होल्टचा छोटा बल्ब, होल्डर आणि दोन लांब वायरी, एवढ्यात टेस्ट दिवा तयार होतो. आधी तो बॅटरीवर लावून पाहावा, म्हणजे दिवाच गेलेला नाही याची खात्री होते. गियर न्यूट्रलमध्ये व हातब्रेक ओढलेला असावा.

बऱ्याच ट्रॅक्टर-पिकअपच्या डिझेल पंपावर अंगठ्याएवढे सोलेनॉइड असते. किल्ली चालू केली की करंट मिळून ते ‘टक’ असा आवाज करते व डिझेलची वाट उघडते. (काही गाड्यांत रचना उलटी असते, करंट मिळाला की डिझेल बंद होते. आपल्या गाडीचे पुस्तक पाहावे.) आता दिव्याचे एक टोक इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला आणि दुसरे सोलेनॉइडच्या टोकाला लावावे. चार गोष्टी दिसू शकतात.

एक, दिवा लख्ख लागला आणि ‘टक’ आवाजही आला. करंटची वाट बरी आहे. आता खुशाल हवा काढा, फिल्टर पाहा.

दोन, दिवा लख्ख लागला पण आवाज नाही. सोलेनॉइड गेले आहे किंवा आत अडकले आहे.

तीन, दिवा मंद लागला. वाटेत कुठे तरी सांधा गंजला आहे किंवा अर्थची वायर सैल आहे.

चार, दिवा लागलाच नाही. मग वायर धरून उलटे मागे जावे: आधी फ्यूज, मग रिले, मग किल्लीचा स्विच. जिथे दिवा लागेल आणि त्यापुढे लागणार नाही, त्या दोन जागांच्या मध्येच दोष आहे. पाटाचे पाणी कुठे फुटले हे आपण असेच शोधतो.

आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. काही झिजलेल्या किल्ल्या नुसत्या चालू स्थितीत करंट देतात, पण सेल्फ मारताना तोडतात. म्हणून दुसऱ्याने सेल्फ मारत असतानाही दिवा लागलेला राहतो का, हे बघावे.

मोटारसायकल आणि नव्या गाड्या

पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते. मोटारसायकलचा सेल्फ फिरून इंजिन पकडत नसेल तर आधी हँडलवरचे लाल बटण पाहावे. मग प्लग काढून टोपीत बसवावा, त्याचे लोखंड इंजिनला टेकवून सेल्फ मारावा. निळसर, कडक ठिणगी दिसली पाहिजे. प्लग हातात धरू नये, आणि आसपास पेट्रोल सांडलेले नसावे. दुचाकी, जीप आणि पिकअपना १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या पेट्रोल दुचाक्यांना बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर नाही. किल्ली लावल्यावर टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. तो गप्प असेल तर फ्यूज व रिले पाहावा.

५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम आहेत. अशा अनेक गाड्यांत डिझेलचा फवारा संगणक ठरवतो. इथे बॅटरी, फ्यूज, रिले आणि अर्थ एवढेच घरी पाहावे. संगणकाच्या वायरींना टेस्ट दिवा लावू नये. आणि हवा काढण्यासाठी डिझेलची दाबाची नळी मुळीच सैल करू नये. तिच्यातला दाब हजार बारच्याही वर असतो. बारीक धार कातडी फोडून आत शिरते आणि हात कायमचा जाऊ शकतो.

हे मात्र करू नका

खाली उभे राहून स्टार्टरला पाना टेकवू नका. किल्ली, क्लच आणि न्यूट्रलचे संरक्षण त्यामुळे निकामी होते, आणि गाडी गियरमध्ये असली तर ती पाना धरणाऱ्यावरच येते.

फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटची चांदी घालू नका. जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याचाच घाला. पुन्हा उडाला तर कुठे तरी वायर लोखंडाला टेकली आहे, असे समजा. तार घातली तर फ्यूजऐवजी वायरच पेटते.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा. नाहीतर छोट्या दोषापायी बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही जातात.

शेवटी उंदरांविषयी. कांदा, कडबा, धान्य आणि गाडी एकाच छपराखाली ठेवले की उंदीर वायरीवर येणारच. बॉनेट उघडून पंधरा दिवसांतून एकदा वायरी पाहाव्यात, आणि गाडीखाली कडबा पडू देऊ नये.

टेस्ट दिवा, मल्टिमीटर, चार फ्यूज आणि चिकटपट्टी एका डब्यात घालून गाडीत ठेवा. हंगामाआधी एक दिवस घरातल्या सर्वांनी, मुलींनी व सुनांनीही, दिवा लावून पाहण्याचा सराव करावा. त्या वस्तीवरच्या माउलींनी तो डबा आता स्वतःच्या ताब्यात ठेवला आहे, आणि पाना मात्र पुतण्याच्या हाताला लागू देत नाहीत.