हळदीच्या पानावरचा भुंगा

श्रावण जवळ आला की रत्नागिरीत हळदीच्या पानांची चौकशी सुरू होते. नागपंचमीला पातोळ्या करायच्या म्हणजे पान हवं, आणि तेही धड हवं. आमच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर हळदीचा एक वाफा आहे. पानं आमच्याकडून शेजारी जातात आणि उकडलेल्या पातोळ्या शेजारून आमच्याकडे येतात. वडिलांच्या वेळेपासूनचा हा व्यवहार आहे. त्यामुळे पान कुणी खाल्लं तर तो प्रश्न माझ्या एकट्याचा राहत नाही.

पान खाणारा बहुधा एक छोटा भुंगेरा असतो. शास्त्रज्ञ त्याला ‘लेमा’ म्हणतात. पावसाळ्यात तो आणि त्याची अळी पानाचा हिरवा भाग खरवडतात आणि पानावर लांबट, एकमेकांना समांतर असे पट्टे उमटतात. कुणी नखाने ओरखडलं असावं तसे. अळीची एक तऱ्हा सांगण्यासारखी आहे. ती आपलीच विष्ठा पाठीवर घेऊन बसते. पक्ष्याला ती घाण वाटते, आपल्यालाही वाटते, आणि म्हणूनच ती वाचते. मात्र मधला पोंगा सुकला असेल आणि खोडाच्या भोकातून भुसा येत असेल, तर ते काम भुंगेऱ्याचं नव्हे. ती खोडकीड, म्हणजे एका पतंगाची अळी. पान गुंडाळून आत बसणारी अळीही फुलपाखराची. तिथे भुंगेऱ्याला बोल लावू नये.

मी कविता लिहितो, त्यामुळे भुंगा म्हटलं की मला आधी कमळ आठवतं. पण कवितेतला भुंगा, म्हणजे भ्रमर, हा मधमाशीच्या गोतातला. तो गुणगुणतो, लाकूड पोखरतो आणि तुरीच्या फुलांवर येऊन फलधारणेला हातभार लावतो. शेतकरी ज्याला भुंगेरा म्हणतात तो वेगळा. त्याच्या पुढच्या दोन पंखांचं कठीण कवच झालेलं असतं आणि उडायचे पंख त्याखाली घडी करून ठेवलेले असतात. एकाच शब्दात दोन प्राणी कोंबल्यामुळे कधी कधी बिचारा भ्रमरच झाडूचा मार खातो.

आता उपाय. बाजारातल्या एका दुकानदाराने मला पुडी पुढे केली, ‘मारा, दोन दिवसांत साफ’ म्हणून. त्या पुडीवर चौकोनात रंगीत त्रिकोण होता, पिवळा. हे त्रिकोण कीटकनाशकांच्या वेष्टनावर कायद्याने छापावेच लागतात. तांबडा सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे. वांग्याच्या शेतात हे दिवस मोजता येतात. पण पुदिना आज खुडला आणि आजच चटणीत गेला, कोथिंबिरीचं तेच, गवती चहाचं तेच. हळदीच्या पानावर तर पिठाचा हात फिरतो आणि वर वाफ. तिथे दिवस कसले मोजणार? जे पानच आपण खातो किंवा पानात शिजवून खातो, त्यावर घरगुती बागेत विष मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस. जुलैतली फवारणी पानावर किती टिकते, ते पागोळ्यांना विचारावं.

मग हात. सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी, भुंगेरे सुस्त असतात. साबणाच्या पाण्याचं भांडं पानाखाली धरायचं आणि पान हलवायचं. बरेचसे त्यात टपकतात. अळ्या ओल्या फडक्याने पुसून काढाव्या. दहा-बारा झाडांच्या वाफ्याला चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरतो, पण हे चार-पाच दिवस ओळीने करायला हवं. उघडीप असेल तर चाळलेली राख पानावर भुरभुरावी. राख मात्र सोडणांची किंवा लाकडाची. हल्ली बंबात प्लॅस्टिकच्या पिशव्याही जातात. ती राख पानावर नको.

फवारायचंच असेल तर लिंबोळीचा अर्क. ५० ग्रॅम लिंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्याने गाळून, पाणी वाढवून एक लिटर करावं आणि चिमूटभर साबण घालावा. याने कीड पटकन मरत नाही. तिचं खाण्यावरचं मन उडतं. कडवटपणा पानालाही चिकटतो, म्हणून पान काढायच्या आधीचे काही दिवस तोही नको.

शेजारच्या मांडवावर काकडी, पडवळ असेल तर तिथे तांबडे भुंगेरे येतात. नारिंगी, चकचकीत. रोप दोन पानांचं असताना ते सगळ्यात जास्त नुकसान करतात आणि त्यांच्या अळ्या जमिनीत मुळं खातात. चार-पाच पानं येईपर्यंत रोपावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाकावा. पुढे वेल स्वतःला सांभाळतो.

कारल्यावर, वांग्यावर ठिपक्यांचा भुंगेरा दिसतो. इथे घाई करू नये. मंद तांबूस रंगाचा, बारीक लव असलेला, पानाची जाळी करणारा, तो शत्रू. पण त्याचाच चुलतभाऊ, गुळगुळीत चमकदार पाठीचा ढालकिडा, मावा खाऊन जगतो. ढालकिड्यांच्या एका जातीने १८८८-८९ साली ऑस्ट्रेलियाहून कॅलिफोर्नियात जाऊन संत्र्यांच्या बागा वाचवल्या. कढीपत्त्यावर तो दिसला तर त्याला आपलं काम करू द्यावं. आणि तुळशीची किंवा सब्ज्याची पानं वळून काळवंडली असतील, तर ते एका रस शोषणाऱ्या ढेकणाचं काम असतं. तो पानाच्या मागे असतो. खराब शेंडे खुडून जाळावे आणि पानाची मागची बाजू पाण्याच्या धारेने धुवावी.

राहता राहिलं शेणखत. खड्ड्यातून आणलेल्या खतात इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या, अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या निघतात. त्या बहुतेकदा गेंड्या भुंग्याच्या असतात. कुजकं खाणाऱ्या या अळ्या हळदीला फारसं काही करत नाहीत, पण मोठ्या झाल्या की माडाच्या कोंबात शिरतात आणि उमललेली झावळ कात्रीने कापल्यासारखी दिसते. त्याने केलेल्या जखमेत मग सोंड्या भुंगा येतो आणि माड हातचा जातो. खत पसरून अळ्या वेचाव्या, कोंबड्यांपुढे टाकाव्या. खड्डा वर्षानुवर्षं न उपसता ठेवू नये. मोठे भुंगे धरायला रुंद तोंडाच्या मडक्यात १ किलो एरंडीची पेंड ५ लिटर पाण्यात आंबवून ते मडकं आगरात पुरतात, तोंड जमिनीच्या बरोबरीने. वासाने भुंगे येऊन त्यात बुडतात. वास आपल्यालाही येतो, तेव्हा मडकं खिडकीपासून दूर पुरावं आणि दर आठवड्याला उपसावं.