तबेल्याच्या जागी घर

जमीन आपल्या मालकीची, पैसा आपल्या गाठीचा, आणि जमिनीवरचा तबेलाही आपलाच. मग तो पाडून तिथे राहते घर बांधायला दुसऱ्या कोणाची परवानगी कशाला हवी? प्रश्न साधा वाटतो. पण लंडनच्या आसपासच्या सरे किंवा हर्टफर्डशायर परगण्यातल्या खेडुताला त्याचे उत्तर मिळवताना नाकी नऊ येतात. कारण त्याची जमीन 'ग्रीन बेल्ट'मध्ये, म्हणजे हरितपट्ट्यात असते.

हा हरितपट्टा म्हणजे काय, ते आधी पाहू. पहिल्या महायुद्धानंतर लंडन शहर भराभर पसरू लागले. सडकेच्या दोन्ही बाजूंनी घरांच्या रांगा उठल्या आणि खेडी एकमेकांना चिकटू लागली. हे थांबावे म्हणून १९३८ साली लंडनभोवतालच्या मोकळ्या जमिनीसाठी कायदा झाला. पुढे १९५५ साली सरकारने परिपत्रक काढून इतर शहरांनाही असे पट्टे आखण्यास सांगितले. इंग्लंडची सुमारे साडेबारा टक्के जमीन, म्हणजे १६ लाख हेक्टरांहून अधिक, या पट्ट्यांत येते. गंमत अशी की, ती जमीन सुंदर असलीच पाहिजे असे नाही. ती मोकळी असावी, शहराने खेडे गिळू नये, एवढाच हेतू.

दुसरी गोष्ट १९४७ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याची. त्याने मालकी आणि बांधण्याचा हक्क यांची फारकत केली. जमीन तुमची खरी, पण तिचा उपयोग बदलायचा तर स्थानिक कौन्सिलची मंजुरी हवी. आपल्याकडे 'बिनशेती' हा शब्द ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे नवल वाटणार नाही.

आता समजा, अशा खेड्यात एका गृहस्थाचा जुना तबेला आहे. घोडी गेली, तबेला रिकामा पडला. गावातली घरे लंडनला नोकरी करणाऱ्यांनी चढ्या भावाने घेतलेली. त्यामुळे लग्न झालेल्या मुलीला गावात घर परवडत नाही. बाप म्हणतो, "तबेल्याच्या जागी तिला घर बांधून देतो." कौन्सिल त्याला पहिला प्रश्न विचारील तो असा : इथे घोडी होती की गाई?

हसू नका, सगळी मेख इथेच आहे. हरितपट्ट्यात नवी इमारत सहसा नामंजूरच होते. मात्र काही अपवाद आहेत. 'पूर्वीच बांधकाम झालेली जागा' पुन्हा बांधून काढणे, हा त्यांतला एक. पण शेतीच्या इमारतीखालची जागा या व्याख्येत बसत नाही. गाईचा गोठा ही शेती. हौसेने बसण्यासाठी पाळलेल्या घोड्याचा तबेला ही शेती नव्हे. म्हणून तबेल्याला ही वाट खुली, गोठ्याला बंद. गोठ्यासाठी २०१४ पासून निराळी सवलत आहे, पण ती आहे तीच इमारत राहण्याजोगी करण्याची. पाडून नवी उठवण्याची नव्हे.

हा भेद उफराटा वाटतो, पण त्याला कारण आहे. शेतीच्या छपरांना परवानगी सहज मिळते, कारण शेती म्हटली की छप्पर आलेच. अशा प्रत्येक छपराचे उद्या घर करता आले, तर लोक आधी शेड उठवतील आणि मग घर. शेत बाजूलाच राहील.

दुसरा प्रश्न मापाचा. २०१२ च्या राष्ट्रीय नियोजन धोरणात अट अशी होती, की नव्या घराने जमिनीच्या मोकळेपणावर जुन्या इमारतीपेक्षा जास्त परिणाम करू नये. शिक्षकांनी हे गणित वर्गात अवश्य घालावे. तबेला २० मीटर लांब, ६ मीटर रुंद, सरासरी ३ मीटर उंच. क्षेत्रफळ १२० चौरस मीटर, घनफळ ३६०. घर १० मीटर लांब, ९ मीटर रुंद, पण दुमजली, ७ मीटर उंच. क्षेत्रफळ ९०, म्हणजे कमी. घनफळ मात्र ६३०! जमीन थोडी अडली, पण आकाश जास्त अडले. शिवाय नुसते घनफळ मोजून भागत नाही, डोळ्यांना काय दिसते तेही पाहावे, असे तिथल्या अपील न्यायालयाने २०१६ साली सांगितले. घराबरोबर कुंपण येते, मोटारी येतात, रात्रीचे दिवे येतात. पलीकडचे कुरण तर या सवलतीत धरतच नाहीत.

मग लोक युक्त्या करतात. सरे परगण्यातल्या एका शेतकऱ्याने बुरुजांचे टोलेजंग घर बांधले आणि पेंढ्याच्या गाठींआड चार वर्षे लपवले. चार वर्षे कोणी हरकत घेतली नाही तर घर कायम होते, असा तेव्हा नियम होता. २००६ साली त्याने गाठी हटवल्या. कौन्सिल म्हणाले, गाठी उभ्या होत्या तोवर बांधकाम पुरेच झाले नव्हते. न्यायालयानेही तेच मानले आणि २०१६ साली ते घर पाडावे लागले. हर्टफर्डशायरमध्ये दुसऱ्या एकाने गवताच्या कोठाराची परवानगी काढून आत बिऱ्हाड थाटले. बाहेरून कोठार, आतून घर! फसवणूक करणाऱ्याला कायद्याच्या सवलतीचा लाभ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ठरवले. ती चार वर्षांची मुदतही इंग्लंडात एप्रिल २०२४ मध्ये दहा वर्षांची झाली.

उलट, प्रामाणिक अर्जदाराची वाट थोडी रुंदही झाली. घरांची टंचाई वाढली, तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये धोरणाचे शब्द बदलले. मोकळेपणाला 'भरीव' हानी पोहोचत नसेल, तर बांधलेल्या जागेवर पुन्हा बांधता येईल, असे ठरले. आपल्या गृहस्थाच्या मुलीला यामुळे आशा आहे. पण घर बेताचे, ठेंगणे आणि तबेल्याच्याच जागी हवे. पुढे ते वाढवायचे झाल्यास नव्याने परवानगी घ्यावी, अशी अटही कौन्सिल घालू शकते.

मुलीला गावात घर हवे, हे खरे; आणि शेजारचे शेत मोकळे राहावे, हेही खरे. दोन्ही बाजूंनी माणसेच आहेत. पण तबेला पाडला तर पुन्हा उभारता येतो. घरांखाली गेलेले शेत मात्र सहसा परत येत नाही. म्हणून तिथे आधी मोजतात आणि मग पाया खणतात.