सांगाल तर सुधारेल

कारखानदाराने गिऱ्हाइकाशी बोलत राहावे, ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. पूर्वी ती औंध संस्थानात होती. ते औंध आता सातारा जिल्ह्यात आले. तिथल्या नांगराच्या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढले. आपल्या मालाची माहिती लोकांपर्यंत जावी, हा त्यातला एक हेतू.

आता संगणकाचे पाहा. त्याला चालवणारी आज्ञावली म्हणजे सॉफ्टवेअर. पुष्कळदा तिची घडण बनवणाराच्या कुलपात असते. 'मुक्त स्रोत' सॉफ्टवेअरची घडण मात्र कुणीही वाचावी, सुधारावी. फिनलंडमधला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या कामाची वर्दी दिली, तीच मुळी लोकांना विचारत, की यात काय असावेसे तुम्हांला वाटते? त्यातून लिनक्स उभे राहिले. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात ते वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचा गटही आहे.

अशा कामात वापरणाराचा शब्द मोलाचा. 'डेबियन' प्रकल्पाने १९९७ साली लेखी वचनच दिले, की आम्ही दोष लपवणार नाही. तिथे आलेल्या तक्रारीला क्रमांक पडतो, ती सर्वांना दिसते आणि उत्तर व दुरुस्तीही तिच्याखालीच नोंदली जाते.

एक उदाहरण घ्या. मराठी 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीहून निराळे. शासनाने २००९ साली वर्णमाला प्रमाण केली, तीत मराठी वळणच धरले. पडद्यावर हिंदी वळण उमटले, तर परदेशातल्या कारागिराला ते कसे कळावे? त्याला दोन्ही सारखीच! ते ओळखणारे गुरुजी पहिलीच्या वर्गात बसलेले असतात.

पण 'अक्षर बिघडले' एवढ्याने भागत नाही. सॉफ्टवेअर कोणते, आवृत्ती कितवी, आपण काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे क्रमाने लिहावे. गुरांच्या डॉक्टरला लक्षणे सांगतो ना, तसेच. पुष्कळ कारागीर बिनमोल राबतात, म्हणून भाषा सौम्य असावी आणि उत्तराला उशीर झाला तर धीर धरावा.

हे बहुधा इंग्रजीत लिहावे लागते, आणि इथेच आपला शेतकरी अडतो. शिक्षकांनी व कॉलेजातल्या मुलांनी त्याचे म्हणणे ऐकून लिहून द्यावे. घडण उघडी आहे खरी. पण दोष पारावरच बोलून सोडला, तर तो दुरुस्त कोण करणार?