शारजाच्या विमानासाठी रात्रीची गाडी

रात्री ९.३०. वर्धा. भाऊ गाडी पुसताहेत. गाडी मालकाची, मेहनत यांची. नागपूर विमानतळाच्या एका फेरीचे पाचशे, जेवण वेगळं. चारही टायरची हवा बघून झाली. आता डिकी उघडून स्टेपनी अंगठ्यानं दाबतात. "आपलं पंक्चर झालं म्हणून विमान थांबते का जी?"

रात्री १०.४५. रामनगर. पोरगा शारजाला कामाला चाललाय. ओसरीत ताणकाट्याला बॅग लटकवली. दीड किलो जास्त. आईनं चेन उघडली. तुरीच्या डाळीची पिशवी बाहेर, कुरड्यांचा पुडा आत. पुन्हा काटा. जमलं. विमान पहाटे चारला, काउंटर तीन तास आधी उघडतं, रस्ता पावणेदोन तासांचा. भाऊ उलटं मोजतात आणि अकराला गाडी हलवतात.

रात्री ११.४०. पवनार, सेलू मागे गेलं. केळझर आलं. टोलवर फास्टॅगचे पैसे कटले, मोबाइल वाजला. हिशेब सकाळी मालकाला द्यायचा आहे. बुटीबोरीनंतर ट्रकांची रांग.

रात्री १२.५०. सोनेगाव विमानतळ. पोरगा आईवडिलांच्या पाया पडला, ट्रॉली ढकलत आत गेला. पार्किंगची पावती भाऊ शर्टाच्या खिशात ठेवतात. हरवली तर भुर्दंड त्यांनाच.

रात्री १.३०. १९४९मध्ये रात्रीचं हवाई टपाल सुरू झालं, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री इथेच भेटत, टपालाच्या थैल्या बदलून परत फिरत. आज गाड्यांमध्ये घरोघरची माणसं बसली आहेत. वडील विचारतात, "भाऊ, किती वेळ लागते?" भाऊ वहीचं मागचं पान काढतात. प्रत्येक घर हेच विचारतं, म्हणून लिहून ठेवलंय. शारजा, सुमारे २,४५० किलोमीटर. दोहा, २,८४०. "साडेतीन तास धरा, काका. शारजाचं घड्याळ दीड तास मागं. आपल्याकडे साडेसात, तिथं सहा. त्याच्या आधी फोनची वाट नका पाहू."

पहाटे ३.१०. आतून फोन आला. पासपोर्टवर शिक्का बसला. आई म्हणते, "चला आता."

पहाटे ३.५०. बुटीबोरी. तीन चहा, तीस रुपये. भाऊ तोंडावर पाणी मारतात. मागच्या सीटवर दोघं जागीच.

पहाटे ५.१५. रामनगर. वडिलांनी भाडं मोजून दिलं. आईनं ती डाळीची पिशवी भाऊंच्या हातात ठेवली.

सकाळी ७.५०. भाऊ झोपलेत. मोबाइलवर निरोप येऊन पडला, पोचला.

सकाळी ११.००. मालकाचा फोन. उद्या मुंबईचं विमान, सकाळी सव्वाआठला. दोन तास आधी पोचायचं, म्हणजे साडेचारला निघायचं. मुंबई हवेतून ६८० किलोमीटर, दीड तास. शारजाच्या चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्त. वर्धा ते सोनेगाव मात्र पंचाहत्तरच, आणि भाऊंचे पाचशेच.