विश्लेषण : राज्यात कायदेशीर, देशात गुन्हा! अमेरिकेतील गांजाचा पेच नेमका काय?

कॅलिफोर्नियात 21 वर्षांवरील व्यक्तीने परवाना असलेल्या दुकानातून ठरलेल्या मर्यादेत गांजा विकत घेतला, तर राज्याच्या लेखी तो गुन्हा नाही. मात्र, तीच पुडी खिशात बाळगणे केंद्राच्या कायद्यानुसार गुन्हा ठरतो. 24 राज्यांनी प्रौढांना मनोरंजनासाठी गांजा खुला केला असला, तरी देशपातळीवरील बंदी कायम आहे. या कात्रीत व्हिसावर गेलेले विद्यार्थी आणि आयटी कर्मचारीही सापडू शकतात.

केंद्राचा कायदा काय सांगतो?

1970 च्या नियंत्रित पदार्थ कायद्यात अमली पदार्थांच्या पाच याद्या आहेत. गांजाला हेरॉइनसोबत पहिल्या म्हणजे सर्वांत कडक यादीत टाकण्यात आले. गैरवापराचा मोठा धोका आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय उपयोग नाही, असे पदार्थ या यादीत येतात. 2024 मध्ये न्याय विभागाने गांजा तिसऱ्या यादीत हलवण्याचा प्रस्ताव मांडला. पण यादी बदलली तरी मनोरंजनासाठीची विक्री केंद्राच्या दृष्टीने बेकायदाच राहते.

राज्यांनी वेगळी वाट कधी धरली?

1996 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी औषधी वापराला मंजुरी दिली. 2012 मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी मनोरंजनासाठीही परवानगी दिली. त्यानंतर इतर राज्ये याच वाटेने गेली.

न्यायालय कोणाच्या बाजूने?

‘गोन्झालेस विरुद्ध रेच’ खटल्यात 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी केंद्राच्या बाजूने कौल दिला. घरात, स्वतःच्या औषधापुरती लावलेली रोपेही देशाच्या एकूण बाजारावर परिणाम करतात. त्यामुळे आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराखाली केंद्र त्यांवरही बंदी घालू शकते, असे न्यायालयाने म्हटले.

मग दुकाने सुरू कशी?

केंद्राला राज्यांच्या पोलिसांकडून आपला कायदा सक्तीने राबवून घेता येत नाही आणि प्रत्येक दुकानावर कारवाई करण्याइतके मनुष्यबळ केंद्राकडे नाही. 2013 मध्ये ओबामा प्रशासनाने सबुरीचे धोरण लेखी जाहीर केले. 2018 मध्ये अॅटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी ते मागे घेतले. थोडक्यात, ही दुकाने बऱ्याच अंशी केंद्राच्या मर्जीवर चालतात. बेकायदा धंद्याचा पैसा नको म्हणून अनेक बँका त्यांना दूर ठेवतात. परिणामी बराच व्यवहार रोखीने होतो.

परदेशी नागरिकांना धोका का?

व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व हे विषय पूर्णपणे केंद्राचे. तिथे राज्याची परवानगी कामी येत नाही. राज्यात कायदेशीर असलेला गांजा बाळगणे किंवा त्या उद्योगात नोकरी करणे हेही नागरिकत्वासाठी लागणाऱ्या ‘चांगल्या चारित्र्या’च्या अटीत अडथळा ठरू शकते, असे अमेरिकी इमिग्रेशन विभागाने 2019 मध्ये स्पष्ट केले. त्यासाठी शिक्षा झालेलीच असावी लागते असे नाही. काही प्रकरणांत अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुलीही पुरेशी ठरते. त्यामुळे शेजारचा अमेरिकी नागरिक ज्या दुकानात बिनधास्त जातो, तिथली खरेदी व्हिसाधारकाला काही वर्षांनी अर्ज भरताना महागात पडू शकते.